वाघाच्या फोटोतून जिप्स्या पुसणाऱ्यांसाठी

काळवीट
'व्याघ्रचित्रांची सफाई' नावाची एक पोस्ट कालपासून फिरतेय. सल्ले असे: मागच्या जिप्स्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, काढून टाका, तोंडावर आलेली काडी पुसा, वाघापुढे जागा कमी पडली तर एआयकडून जंगल वाढवून घ्या. खाली दोनशे 'वा!'. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

चालत्या जनावरापुढे जागा सोडावी हे खरंच, पण ती शटर दाबण्याआधी. यांना ६०० मिमीच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने वाघ फ्रेमभर कोंबायचा असतो, शेपूट कापली जाते आणि मग घरी बसून नवी शेपूट उगवून घेतात. वाघाचा आकार कळायला शेजारी सागाचं खोड हवं, बांबूचं बेट हवं. ते कापून नुसता चेहरा ठेवलात तर वाघ काय नि बोका काय.

नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उंट आणि पिरॅमिड उभ्या चौकटीत बसवायला पिरॅमिड जवळ सरकवले होते. त्याबद्दल अजून बोलणी खातात. आणि आपण अख्ख्या जिप्स्या गायब करतो! हिंमत असेल तर रॉ फाइल दाखवा, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल.

सावलीचा_मित्र
तीच पोस्ट मी लिहिली आहे, त्यामुळे उत्तर देतो. माझा फोटो माझ्या दिवाणखान्यात लागतो, स्पर्धेत नाही. तिथे जिप्सी ठेवायची की नाही हे मी आणि माझी बायको ठरवू.

आणि लबाडीच काढायची तर पूर्ण काढा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेचा २००९ चा किताब २०१० मध्ये काढून घेतला, कारण फाटकावरून उडी मारणारा लांडगा शिकवलेला असावा असं परीक्षकांना वाटलं. त्याच स्पर्धेत २०१८ मध्ये वारुळाजवळचा मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा ठपका येऊन तो फोटो बाद झाला. दोन्ही वेळा आक्षेप कॅमेऱ्यासमोरच्या जनावरावर होता. तुमचं 'रॉ फाइल दाखवा' तिथे काय कामाचं?

गवाप्रेमी_राधानगरी
वाघ, वाघ, वाघ. कधी गवा काढून बघा. काळ्या अंगावर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, कॅमेरा त्याला राखाडी करतो आणि पायांचे पांढरे मोजे जळून जातात, तपशीलच उरत नाही. एक्स्पोजर खाली घ्यायचं, म्हणजे फोटो जरा अंधाराच काढायचा, आणि नंतर सावल्या उचलायच्या, म्हणजे काळे भाग उजळायचे. हे संपादनच आहे, त्याशिवाय गवा दिसतच नाही. पण ती नारिंगी-निळी प्रीसेट, म्हणजे तयार रंगछटा, लावून ताडोबाचा उन्हाळा सिनेमाच्या पोस्टरसारखा करणाऱ्यांना खरंच हात जोडतो.

काळवीट
सावल्या उचलायला कोणी नाही म्हटलं? प्रश्न जिप्सीचा आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे जिप्स्यांनी अडवले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते कळलं कशामुळे? फोटो-व्हिडिओत गाड्या दिसत होत्या म्हणून. तुमच्यासारख्या एखाद्याने 'सफाई' केली असती तर एकटी वाघीण, सोनेरी प्रकाश, वा!

मोहर्लीकडचा_गाईड
साहेब लोकं, गाडी पुढं कोन घ्याले लावते ते पन लिहा ना. मी म्हनतो २० मीटर सोडा. मागून आवाज येते, "भाऊ, हेड-ऑन, एकदम समोरून पाह्यजे, पुढं घ्या." नाही घेतली का टिप नाही, वरून तक्रार. कारवाई झाली का बंदी कोनावर? ड्रायव्हर अन् गाईडवर. लेन्सवाला दुसऱ्या गेटवरून पुन्हा आत.

पुणेरी_पर्यटक
उलटं सांगू का? आम्ही थांबा म्हणत होतो तरी आमच्या ड्रायव्हरने दुसऱ्याची गाडी बघून रिव्हर्स मारला. धुळीत वाघ दिसलाच नाही. टिप मात्र मागितली.

मोहर्लीकडचा_गाईड
असतीन तसे. सगळ्यायले एका काठीनं हाकू नका.

सावलीचा_मित्र
गाईडभाऊंना मान आहे, पण लांब थांबणं बोलायला सोपं. मे महिन्यात लांबून काढा, तापलेल्या हवेच्या झळांनी वाघाचे पट्टे विरघळतात. कुठलीही लेन्स लावा. नाइलाजाने जवळ जावं लागतं.

काळवीट
नाइलाज? मग सकाळी पहिल्या तासात काढा. आणि जिप्सीतून आपण वरून बघतो. जनावर जितकं जवळ तितका कोन उभा, म्हणून तो वाघ रस्त्याला चिकटवल्यासारखा दिसतो. लांब राहिलात की कोन आपसूक खाली येतो, मागचं जंगल दिसतं, जनावराला उंची मिळते. तुमच्या पोस्टमधला तिसरा फोटो बघा. पाठच पाठ आहे नुसती.

सावलीचा_मित्र
वैयक्तिक होऊ नका. त्या फोटोला आमच्या कंपनीच्या कॅलेंडरमध्ये जागा मिळाली आहे.

काळवीट
म्हणजे दिवाणखान्यातून कॅलेंडरपर्यंत पोचला. जिप्स्या काढल्यात हे लिहिलंय का खाली?

गवाप्रेमी_राधानगरी
मी मधला माणूस म्हणून सांगतो, काडी काढली तर मला फरक पडत नाही. गाडी काढली तर पडतो. काडी कोणी वाघासमोर चालवत नेलेली नसते.

काळवीट
काडीचं चालेल, पण तीही सांगून. घरच्या भिंतीवर मात्र तुमची बायको म्हणेल ते अंतिम, त्यात आम्ही पडत नाही.

सावलीचा_मित्र
उपकार झाले. पुढच्या कॅलेंडरला लिहितो, 'चार जिप्स्या काढल्या आहेत.' तुम्हीही तुमच्या त्या गाजलेल्या काळ्या बिबट्याखाली लिहा, 'मूळ फोटोत हा बिबट्या एवढासा ठिपका होता.'