जुना छोटा डिजिटल कॅमेरा: लेन्स अर्धी बाहेर, उन्हातले फोटो पांढरे, तारीख दर वेळी २००६

सई_मालवण

नमस्कार मंडळी. कपाट आवरताना बाबांचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा सापडला. २००६ मधला आहे, सहा मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा लगेच "ती कंपनी भारी की ही" याच्यावर जाईल. हल्ली कॉलेजातल्या पोरी असले कॅमेरे ओएलएक्सवर शोधत बसतात, त्या जुन्या फ्लॅशच्या फोटोंसाठी, आणि आमच्या घरात तो आयता पडून होता!

भिंतीवरच्या घड्याळातले आणि रिमोटमधले सेल काढून घातले, चालू झाला. तारकर्लीला घेऊन गेले. तिथे उन्हात काढलेले सगळे फोटो पांढरेफटक, वर आडव्या रेघा. काढताना स्क्रीनवर मात्र सगळं व्यवस्थित दिसत होतं. घरी आल्यावर लेन्स अर्धी बाहेर आली, कर्र वाजलं, 'लेन्स एरर' असं लिहून बंद. आता दर वेळी तेच. शिवाय सेल बदलले की तारीख १ जानेवारी २००६. फोनमधलं ६४ जीबीचं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून लावलं तर 'कार्ड एरर'. कॅमेऱ्यासोबत आलेलं १६ एमबीचं कार्ड तेवढं चालतं, पण त्यात किती फोटो मावणार?

इथल्या मोबाइलवाल्याने हातात घेतल्या घेतल्या "मोटर गेली" म्हणून सांगितलं. उघडून बघू का? छोटे स्क्रूड्रायव्हर आहेत माझ्याकडे आणि यूट्यूबवर व्हिडिओपण आहेत.

ता. क. रात्री अंगणात काढलेल्या फोटोंत मोठे पांढरे गोल आलेत. आजी म्हणते मागल्या दारी कोणीतरी आहे.

निवांत_नाना

फोन आहे ना? मग कशाला ही कटकट. आजीला मात्र माझा पाठिंबा.

बंद_स्टुडिओवाला

सई, उघडू नका. बाकीचं नंतर बोलू. फ्लॅशच्या बाजूला झाकणाच्या लगेच आत करंगळीच्या पेराएवढा एक कपॅसिटर असतो. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठतो, आणि सेल काढून ठेवले तरी तो बराच काळ तसाच बसून राहतो. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, किंवा सांगून पुढे पळतात. ज्याला त्याचा झटका एकदा बसला तो पुन्हा कॅमेऱ्याच्या स्क्रूला हात लावत नाही.

मी सांगलीत स्टुडिओ चालवायचो. डिजिटल आल्यावर लग्नाची कामं पोरांकडे दिली आणि मी छोट्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करत बसलो. एवढ्या वर्षांत मोटर खरोखर जळालेले कॅमेरे क्वचितच पाहिले. "मोटर गेली" हे उत्तर दुकानदाराला सोयीचं पडतं, कारण त्यावर गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही.

'लेन्स एरर' म्हणजे लेन्स खराब, असा अर्थ घेऊ नका. कॅमेरा चालू केला की मोटर दातेरी चाकांमार्फत लेन्सच्या नळ्या बाहेर ढकलते. नळी कुठवर आली ते आतले छोटे प्रकाशाचे सेन्सर बघत असतात. ठरलेल्या वेळात ती जागेवर पोचली नाही की कॅमेरा हात टेकतो आणि ते दोन शब्द दाखवतो. काम कुठे थांबलं एवढंच त्याला कळतं, का थांबलं ते नाही. एसटी घाटात बंद पडली म्हणून घाट बिघडला असं आपण म्हणत नाही, आधी डिझेल बघतो. तुमचं डिझेल म्हणजे ते घड्याळातले सेल.

घड्याळात आणि रिमोटमध्ये साधे झिंक-कार्बनचे सेल असतात. घड्याळाला लागतो नाममात्र करंट. कॅमेरा लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश चार्ज करताना अँपिअरभर, कधी त्याहून जास्त ओढतो. तेवढं देताना साध्या सेलचा व्होल्टेज बसतो, लेन्स अर्ध्यावर राहते. अल्कलाइन चालतील, पण पटापट संपतील. निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या, २००० एमएएचच्या आसपासचे. त्यांच्यावर १.५ च्या जागी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याने बिचकू नका. जोर लावायची वेळ आली की तेच टिकतात. दोन्ही सेल एकाच जोडीतले हवेत, एक नवा एक जुना असं नको.

सेल घालण्याआधी खाचेतल्या पत्र्या बघा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर बहुधा कधीतरी अल्कलाइन सेल पाझरलाय. इअरबड लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवून पूड पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. आणि सेलचं झाकण अंगठ्याने घट्ट दाबून धरून कॅमेरा चालू करून बघा. त्या झाकणाची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असणं हा या जातीचा फारच नेहमीचा रोग. जीभ तुटली की झाकण सैल, सेल टेकत नाहीत, आणि माणूस मदरबोर्ड बदलायला निघतो.

दुसरा संशय वाळूचा, तारकर्ली म्हणालात म्हणून. नळ्यांमधली फट केसभर असते, एक कण पुरतो. कॅमेरा लेन्स खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने नळीच्या कडेकडेने हवा मारा. मग जाड गुळगुळीत कागदाची पट्टी फटीतून गोल फिरवा, पुन्हा ब्लोअर. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कण आणखी आत जातो. आणि तेल अजिबात नको. शिलाई मशीनचं नको, खोबरेल नको, तो निळ्या डब्यातला गंज सोडवायचा फवारा तर मुळीच नको. नळी सुटेल कदाचित, पण ते तेल झिरपत शटरच्या पात्यांवर जातं आणि मग माझ्यासारख्याचंही काही चालत नाही.

शटरवरून आठवलं, तुमचे पांढरे फोटो. तो वेगळाच आजार आहे, लेन्स एररशी त्याचा संबंध जोडू नका. तुमचा कॅमेरा सीसीडी सेन्सरचा आहे, म्हणजे फोटो टिपणारी आतली चिप त्या जातीची. स्क्रीनवर दृश्य दाखवताना शटर उघडंच असतं, प्रकाश किती वेळ घ्यायचा ते सेन्सर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळतो. फोटो काढताना मात्र शेवटी लेन्सच्या आतली पातळ पाती मिटावी लागतात, म्हणजे अंधारात सेन्सरवरची माहिती वाचून घेता येते. पाती चिकटून उघडीच राहिली तर वाचन चालू असतानाही प्रकाश पडत राहतो. फोटो पांढरा, वर रेघा. म्हणूनच स्क्रीनवर छान आणि फोटोत वाट!

खात्री करायची तर सेल बदलून आधी लेन्स सोडवा आणि उन्हात एक व्हिडिओ घ्या. व्हिडिओ बरा आणि फोटो पांढरा म्हणजे शटरच. मग घरात कमी उजेडात फ्लॅश बंद करून एक फोटो काढा, तो पुष्कळसा ठीक येईल. काय होतं ते कळवा.

तारखेचं विसरा, तो बिघाड नाहीच. तारीख सांभाळायला आत एक छोटा सेल असतो, बहुतेक मॉडेलमध्ये तो मुख्य सेलवरूनच चार्ज होतो. इतकी वर्षं कपाटात राहून तो रिकामा झालाय. चार्ज केलेले सेल घालून कॅमेरा एक-दोन दिवस नुसता ठेवा. काही मॉडेलमध्ये बदलायचा बटणासारखा सेल असतो, तसं असेल तर सेलच्या खाचेजवळ छोटं झाकण सापडेल.

हडपसरकर

कार्डाचं मी सांगतो, ते सोपं आहे. मूळचं एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. ४ ते ३२ जीबीच्या कार्डांना एसडीएचसी म्हणतात, ती पद्धत २००६ मध्ये आली. त्याच्या पुढचं, म्हणजे तुझं ६४ जीबीवालं, एसडीएक्ससी, ते २००९ नंतरचं. कॅमेरा २००६ चा म्हणजे त्याला एसडीएक्ससी माहीतच नाही, एसडीएचसीसुद्धा कळेल असं नाही. २ जीबीचं साधं कार्ड मिळव आणि कॉम्प्युटरवर नको, कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट कर. सहा मेगापिक्सेलला २ जीबी म्हणजे शेकड्यांनी फोटो.

अजून एक. कार्ड चांगलं असून 'लॉक' दाखवलं तर डाव्या कडेची सरकती खुंटी बघ. त्या खुंटीला आत वायर-बियर काही नसते, ती कुठे आहे हे फक्त कॅमेरा चाचपतो. ढिली झाली की कार्ड आत ढकलताना घसरते. खुंटी वर ठेवून त्यावर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवायचा.

बाबांचे जुने फोटो १६ एमबीवाल्यावर असतील तर फॉरमॅट करण्याआधी उतरवून घे. चुकून उडालेच तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नकोस, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, बरेचदा परत मिळतात.

जांभळा_ढग

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडच्या त्याहून जुन्या कॅमेऱ्यात सगळं जांभळट दिसतं, कडा वितळल्यासारख्या. स्क्रीनवर, फोटोत, व्हिडिओत, सगळीकडे. हेही शटर?

बंद_स्टुडिओवाला

नाही. सगळीकडे सारखंच दिसतंय म्हणजे शटर संशयातून सुटलं. आधी त्याच कॅमेऱ्यावर जुना काढलेला फोटो उघडून बघा. तो नीट दिसला तर स्क्रीनही सुटली. उरला सेन्सर. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या सोनीच्या काही सीसीडींमध्ये हा दोष निघाला होता. उष्ण, दमट हवेत आत ओल शिरून बारीक तारांचे जोड सुटायचे. ते सेन्सर बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते, त्यामुळे २००५ मध्ये एकामागून एक कंपन्यांनी फुकट दुरुस्ती जाहीर केली. ती मुदत केव्हाच संपली. तुमचा त्यातलाच असेल तर शोकेसमध्ये ठेवा.

उन्हाकडे कॅमेरा धरल्यावर स्क्रीनवर वरून खाली एकच जांभळट उभी रेघ येते, ती वेगळी. ती सीसीडीची खोड आहे, फोटोत सहसा उतरत नाही. त्यासाठी दुकानात येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवायचो.

सई_मालवण

काका, लेन्स सुटली!! रिचार्जेबल सेल घातले तर पहिल्यांदा नुसती थरथरली. मग कागदाची पट्टी फिरवली, वाळूचे कण खाली पडताना दिसले. आता पूर्ण बाहेर येते, आत जाते. मधूनच कर्र होतं, पण एरर नाही. झाकणाची जीभ शाबूत आहे.

२ जीबीचं कार्ड मामाच्या ड्रॉवरमध्ये मिळालं, चाललं. तारीखही टिकतेय.

पण तुम्ही म्हणालात तेच झालं. उन्हातला व्हिडिओ छान, फोटो पांढरा. संध्याकाळी ओसरीवर काढलेले बरे येतात. आता?

बंद_स्टुडिओवाला

छान. आता लेन्स बाहेर असताना कॅमेरा कानाशी धरा आणि फोटो काढा. बारीक टिक ऐकू येतं का? आवाज येतोय आणि फोटो पांढरा, तर पाती हलतायत पण पूर्ण मिटत नाहीत. चिकटा धरलाय, कोकणातल्या हवेत त्यात नवल नाही. अशा वेळी लेन्सच्या बाजूला बोटाच्या टोकाने अगदी हलकं टकटक करत लागोपाठ फोटो काढत राहायचं. कधी कधी सुटतात. सुटली तर रोज थोडे फोटो काढा, पडून राहिला की पुन्हा चिकटतात. आवाजच नसेल तर पाती ओढणारं छोटं विद्युतचुंबक किंवा त्याची रिबन, म्हणजे चपटी वायर, गेली, मग टकटक व्यर्थ.

तोवर कॅमेरा निरुपयोगी नाही. घरात, रात्री, फ्लॅशवर वापरा. आणि तुमच्या मैत्रिणींना तेच फोटो हवेत ना?

आजींचे गोल: छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला खेटून असतो. लेन्ससमोर वीतभर अंतरावर धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब आला की तो फ्लॅशने उजळतो, आणि इतक्या जवळचं फोकस होत नाही म्हणून मोठा धूसर गोल दिसतो. फ्लॅश बंद करून तोच फोटो काढा, गोल जातील. आजींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

निवांत_नाना

नका सांगू.

सई_मालवण

टिक येतंय! टकटक करून पाचसहा फोटो बरे आले, मग पुन्हा पांढरे. पावसाळ्यात ठेवायचा कसा? आणि दुरुस्त करायचाच झाला तर कुठे?

बंद_स्टुडिओवाला

सेल काढून, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कातडी पाकिटात नको, कातडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी येते. तांदळात तर नकोच, पिठूळ धूळ आत जाते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा.

दुरुस्तीला मुंबईला जाणं झालं तर फोर्टात बोरा बझारकडे कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे विचारा. पण नुसतं शटर सहसा कोणी सोडवून बसणार नाही, अख्खं लेन्स युनिट बदलतात, आणि या मॉडेलचं नवं युनिट आता येत नाही. म्हणून आधी ओएलएक्सवर हुबेहूब तेच मॉडेल बिघडलेलं शोधा. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: लेन्स आत-बाहेर होते का, आणि भर उन्हात काढलेला एक फोटो पाठवाल का. स्क्रीन फुटलेला मिळाला तर उत्तम. तो स्वस्तात सुटतो आणि स्क्रीन तुम्हाला नकोच आहे.