नगेंद्रप्रसाद ‘भारतीय फुटबॉलचे जनक’ कशामुळे?

रंकाळाकाठ:
नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी (१८६९–१९४०) म्हटलं की एकच गोष्ट सांगतात. १८७७ साल, आईबरोबर गंगास्नानाला निघालेला आठ वर्षांचा पोरगा. कलकत्त्याच्या मैदानावर गोरे शिपाई खेळतायत, चेंडू याच्या पायाशी येतो, हा लाथ मारून परत देतो. मग हेअर स्कूलच्या पोरांनी वर्गणी काढून चेंडू आणला, तर तो निघाला रग्बीचा!

गोष्ट गोड आहे, पण त्यांचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. वेलिंग्टन क्लबात त्यांनी मणी दास या कुंभाराच्या मुलाला घेतलं. वरच्या जातीचे सभासद अडून बसले. नगेंद्रप्रसादांनी मणीला काढलं नाही, क्लबच मोडला. पुढे शोभाबाजार क्लब उभा केला, त्यात मणी होता. कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल बघत वाढलोय. चालता संघ मोडायला काय काळीज लागतं ते कळतं.

जुनीपानं:
‘जनक’ हा शब्दच मला पटत नाही. त्या पोरांना फुटबॉलचा चेंडू देऊन खेळ समजावला तो प्रेसिडेन्सी कॉलेजच्या स्टॅक नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने. शोभाबाजारला राजघराण्याचा आश्रय. खेळ खऱ्या अर्थाने आपला झाला २९ जुलै १९११ रोजी. आयएफए शिल्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीला २-१ हरवलं, अकरातले दहा अनवाणी! शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे गोल. त्या अकरा जणांचं श्रेय एका माणसाच्या नावावर का चढवायचं?

रंकाळाकाठ:
१९११ आभाळातून पडलं नाही. त्याच्या १९ वर्षं आधी, १८९२ साली, याच शोभाबाजारने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. पलटण हरू शकते हे कलकत्त्याला तेव्हाच दिसलं.

मुळामुठा:
क्लब मोडण्याचं मोल आपल्याला पुण्यावरून कळायला हवं. दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंना हिंदू संघात घेतलं, कारण त्यांच्या फिरकीशिवाय युरोपियनांना हरवणं अवघड होतं. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर उभे, त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. त्याच १९११ साली त्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात १०० हून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ साली भाऊ विठ्ठल झाले तेव्हा घराण्यात आलं. ते मातीचं भांडं बघून आपल्याकडे कोणी क्लब मोडला नाही. मला याची लाज वाटते.

जुनीपानं:
बाळूंचं उदाहरण मान्य, पण ते माझ्याच बाजूचं आहे. बाळू आपल्याला त्यांच्या बळींवरून आठवतात. मणी दास मात्र फक्त ‘ज्याच्यासाठी क्लब मोडला तो’. तो कुठल्या जागी खेळायचा, डाव्या पायाने की उजव्या, हे विचारतो का कोणी? जातीवरून ज्याला अडवलं, तो त्याच्याच गोष्टीत पाहुणा होऊन बसलाय.

रंकाळाकाठ:
हे मात्र टोचलं. मीही वर तेच केलंय, मणीला एका वाक्यात आणून सोडून दिलं. तरी ‘जनक’ मी मागे घेणार नाही. तो क्लब मोडला नसता, तर मणीला मैदानावर जागाच नव्हती.