गिदोनाने खूण मागितली, पण कधी?

देवाची इच्छा कशी ओळखावी या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की ती कळत नसेल तर बायबलमधल्या गिदोनासारखी खूण मागावी. मला हे पटत नाही. बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाचा ६ वा अध्याय सलग वाचा. मिद्यान्यांपासून इस्राएलाला सोडवायला तू जा, हे देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगून झालं होतं. लोकरीची खूण (रात्री खळ्यावर लोकर ठेवायची आणि दव फक्त तिच्यावर पडतं का ते पाहायचं) आली ती नंतर, आणि लोकर ठेवतानाही तो ‘तू सांगितल्याप्रमाणे’ असंच म्हणतो. म्हणजे आज्ञा माहीत होती, धीर होत नव्हता. शिवाय एका खुणेवर भागलं नाही. पहिल्या रात्री लोकर भिजली, तर दुसऱ्या रात्री लोकर कोरडी राहून फक्त जमीन भिजू दे म्हणाला, तेही ‘रागावू नकोस’ अशी विनवणी करत. देवाने सांभाळून घेतलं, ही त्याची दया. त्याला पद्धत कशी म्हणणार?

आमच्या नात्यातला एक मुलगा शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. पुण्याची नोकरी घ्यावी का, यासाठी त्याने ‘रविवारी पाऊस उघडला तर जायचं’ असं ठरवलं होतं. जुलैत, कोल्हापुरात! (पंचगंगेला तरी विचारायचं.) घरच्या प्रार्थनेला आलेल्या एका आजींनी त्याला एवढंच विचारलं, “बाळा, आईच्या डायलिसिसला कोण नेणार?” पवित्र शास्त्रात आईबापांचा मान राखायची आज्ञा त्याने लहानपणीच पाठ केलेली. मला तर देव त्या प्रश्नातून बोलताना दिसला. बायबलमधल्या लहान शमुवेलालाही, रात्री ऐकू येणारी हाक देवाची आहे हे वयस्कर याजक एलीनेच सांगितलं होतं. ‘मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांना विचारा’ हा मुद्दा इथे अजून कुणी काढलेला नाही.