बाळंतपणानंतर बीपी उतरलं, आता पुढे काय तपासायचं?

ऐरोली_सेक्टर८:
नणंद, वय 31, राहते नेरूळला. 34व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार), बीपी 160/110, लघवीत प्रोटीन, सिझेरियन. चार महिने झाले, गोळ्या बंद, बीपी 128/84. ‘सगळं नॉर्मल’ म्हणून फाइल बंद केली. खरंच काही बघायचं नाही?

घोडबंदर_फिजिशियन:
फाइल बंद करू नका. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, कायमचं बीपी मागे लागण्याचा त्याहूनही जास्त. वार पडली की आजार संपला, हे अर्धंच खरं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झालेली इजा मागे राहू शकते, आणि कित्येकींची प्रकृती मुळातच तिकडे झुकणारी असते. दिवस भरण्याआधी बाळंतपण करावं लागलं असेल तर धोका आणखी वाढतो. आता क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), उपाशीपोटी शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रोटीन किती जातं ते) करून घ्या. लघवीत अजूनही प्रोटीन असेल तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे बीपी आणि वजन दरवर्षी, न चुकता. ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, हा धोका त्यात दिसत नाही.

पामबीच_नर्स:
एका आकड्यावर जाऊ नका. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीत. रडतं बाळ मांडीवर घेऊन तर मुळीच मोजू नका. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. 135/85 किंवा वर आली तर फिजिशियनकडे.

ऐरोली_सेक्टर८:
दुसऱ्या मुलाचा विचार आहे, पण दोन वर्षांनी. तोवर गर्भनिरोधक गोळ्या चालतील?

ठाणे_स्त्रीरोग:
इस्ट्रोजेन असलेल्या नकोत, त्यांनी बीपी वाढू शकतं. कॉपर-टी उत्तम. पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डिस्चार्ज कार्ड दाखवा. 12व्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. बीपीची गोळी पुन्हा लागली तर दिवस राहण्याआधी बदलून घ्यायची, कारण एनालाप्रिलसारखी औषधं गर्भाला घातक आहेत. आणि बाळंतिणीला आडवं झाल्यावर धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर ‘अशक्तपणा’ म्हणून डिंकाचे लाडू वाढवू नका. त्याच दिवशी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.