'प्लेज ऑफ अलीजन्स'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार:
अमेरिकन शाळांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. तिथली मुलं सकाळी झेंड्याकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून 'प्लेज ऑफ अलीजन्स' म्हणतात. मी 'निष्ठेची शपथ' लिहिलं, संपादकांना 'राष्ट्रप्रतिज्ञा' हवंय. तुम्ही काय लिहाल?

शाळामास्तर:
प्रतिज्ञाच. आपल्या पाठ्यपुस्तकात 'भारत माझा देश आहे'वर हाच मथळा असतो, त्यामुळे वाचकाला मैदान, रांगा, पुढे उभा राहून सांगणारा मॉनिटर, सगळं न सांगता दिसतं. 'राष्ट्र' मात्र जोडू नका. अमेरिकन मजकुरात निष्ठा आधी झेंड्याशी आहे, मग प्रजासत्ताकाशी. आपल्या प्रतिज्ञेत झेंडा कुठेच नाही. देश आहे आणि देशबांधव आहेत.

न्यू जर्सीकर:
मास्तरांशी सहमत. शपथ राखून ठेवा, ती दुसरीकडे लागेल. इथलं नागरिकत्व घेताना 'ओथ ऑफ अलीजन्स' असते. परक्या राजाशी किंवा सत्तेशी असलेली निष्ठा सोडली, असं तिच्यात स्पष्ट म्हणावं लागतं. ती खरी शपथ. त्याच समारंभात बहुतेक वेळा प्लेजही म्हणून घेतात, म्हणजे दोन्हींना एकच शब्द वापरलात तर गोंधळ ठरलेला.

जुना वाचक:
'अलीजन्स'ला मला 'इमान' जवळचं वाटतं. मूळ शब्द सरंजामी आहे, धनी आणि त्याचा माणूस यांच्यातला. राजाला झुगारून उभ्या राहिलेल्या देशानं तो झेंड्यापुढे म्हणावा, ही गंमतच! १८९२ साली, कोलंबसच्या प्रवासाला ४०० वर्षं झाली म्हणून फ्रान्सिस बेलामी यांनी हा मजकूर लिहिला. पण 'इमानाची प्रतिज्ञा' शाळकरी मुलांच्या तोंडी शोभत नाही. निष्ठाच ठेवा.
तुमचा खरा घोळ प्लेजमधल्या 'अंडर गॉड' या शब्दांपाशी होणार. ते बेलामींचं नाही; १९५४ मध्ये, शीतयुद्धात, देव न मानणाऱ्या कम्युनिस्टांहून आपण वेगळे हे दाखवायला घातलं. 'ईश्वरसाक्ष' लिहू नका. आपल्या आमदारांच्या शपथेत तो शब्द आहे, पण तिथे 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असा दुसरा पर्यायही असतो. शिवाय इथे देव साक्षीदार नाही, राष्ट्रच त्याच्या छत्राखाली आहे.

भाषांतरकार:
'ईश्वराच्या छत्राखाली' चालेल. आता पुढचं. लेखात एक मुलगा प्लेज म्हणायला नकार देतो आणि हे 'फ्री स्पीच' आहे म्हणतो. 'भाषणस्वातंत्र्य' लिहिलं तर वाक्य विनोदी होतं. तो बोललाच नाही!

न्यू जर्सीकर:
अभिव्यक्तिस्वातंत्र्य लिहा. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत शब्द 'स्पीच'च आहे, पण न्यायालयांनी तो फार ताणलाय. १९८९ च्या 'टेक्सास विरुद्ध जॉन्सन' खटल्यात झेंडा जाळणंही त्यात बसलं, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी. जाळण्याला भाषण कसं म्हणणार?
तुमच्या मुलाचा आधार मात्र १९४३ चा 'वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट'. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची मुलं झेंड्याला वंदन करत नव्हती म्हणून शाळेतून काढली होती. १९४० मध्ये इथल्याच सर्वोच्च न्यायालयानं अशाच खटल्यात शाळेची बाजू घेतली होती, ८ विरुद्ध १. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीन वर्षांत न्यायालय फिरलं. तेव्हापासून सरकारी शाळेला कुणाकडून प्लेज सक्तीनं वदवून घेता येत नाही. शिक्षकांनी डोळे वटारणं वेगळं.

शाळामास्तर:
याच पंथाची मुलं केरळातही होती. राष्ट्रगीताला उभी राहत, गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. 'अभिव्यक्ती'त मौनही येतं हे मराठी वाचकाला नवं नाही, तळटीप नको.

भाषांतरकार:
ठरलं, 'निष्ठेची प्रतिज्ञा'. संपादक 'राष्ट्र'वर अडले तर मास्तरांचा झेंड्याचा मुद्दा पुढे करते.