मदत हवी आहे: ड्रम नाहीत, मग ही टकटक कोण वाजवतंय? (रॉकबिली)

केरवा_कहार

मंडळी, नमस्कार.

काम जरा विचित्र आहे. मी तबलजी. म्हणजे पोटासाठी विम्याच्या कचेरीत खर्डेघाशी, पण गेली पंचवीस वर्षं भजनापासून नाट्यगीतापर्यंत जे समोर येईल ते वाजवलंय. यंदा ऑफिसच्या वार्षिक संमेलनात आमच्या तिघांच्या गळ्यात '१९५०च्या दशकातली अमेरिका' असा विषय पडला आहे. गिटारला अकाउंट्समधला एक पोरगा, गायला आमच्या शाखाप्रमुख मॅडम (आवाज खणखणीत, स्वभावही) आणि ठेक्याला मी.

पोराने रॉकबिली या तिकडच्या गाण्याच्या प्रकाराचं नाव काढलं आणि एल्विस प्रेस्लीचं 'दॅट्स ऑल राइट' ऐकवलं. गाणं दोन मिनिटांचंसुद्धा नाही. मला वाटलं, चला, सोपं आहे. आधी काखोन बॉक्स (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) वाजवून पाहिला, मग भावाच्या स्नेअर ड्रमवर ब्रश फिरवले. दोन्ही वेळा गाणं जड झालं, बैलगाडीत बसल्यासारखं. मग हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं. त्यात टक-टक, टक-टक असं काहीतरी सतत चालू आहे, पण ते ड्रमचं वाटत नाही. दगडावर पट्टी आपटावी तसं आहे.

तर प्रश्न असे. ही टकटक कोण करतंय आणि तबल्यावर किंवा दुसऱ्या कशावर ती जमेल का? गाणाऱ्याचा आवाज विहिरीत ओरडल्यासारखा दुहेरी येतो, तो कसा आणायचा? आणि एल्विस सोडून आणखी कोणाला ऐकू? मॅडमना पुरुषांची गाणी गायची नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

जाता जाता: ऑफिसातला एक जण म्हणतो की रॉकबिली म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांची चोरलेली गाणी, यात कौतुक कसलं. त्याला काय उत्तर देऊ?

डोंबिवलीचा_डबलबास

तुमचे कान शाबूत आहेत. ड्रम नाहीतच. त्या तबकडीवर तीन माणसं आहेत: एल्विस आवाज आणि साधी गिटार, स्कॉटी मूर इलेक्ट्रिक गिटार, बिल ब्लॅक डबल बास (माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं तंतुवाद्य). टकटक बिल ब्लॅकची.

याला स्लॅप बास म्हणतात. आम्ही वाद्यवृंदात डबल बास गजाने किंवा बोटाने नीटनेटका वाजवतो. हा माणूस तार बोटाने बाहेर ओढून सोडतो, ती परत येऊन खालच्या पट्टीवर आपटते, आणि मधल्या मात्रेला तो तळहाताने तारांसकट पट्टीवर चापट मारतो. म्हणजे सूर १ आणि ३ वर, चापट २ आणि ४ वर. एकच माणूस बासही झाला आणि ढोलही. तुमचा काखोन जड वाटला कारण त्याच्या पोटात घुमारा आहे. इथे घुमारा फक्त १ आणि ३ ला, तोही आखूड.

तबल्यावर करायचंच तर डग्गा दाबून ठेवा, मींड बिलकुल नको. २ आणि ४ ला फक्त किनार, कोरडी. बोटं सैल.

चहाटळ

एल्विस म्हणजे अमेरिकेचा शम्मी कपूर ना?

केरवा_कहार

@चहाटळ, उलटं आहे हो. पण मॅडमना हे सांगितलं तर त्या लगेच तयार होतील.

@डबलबास, आज रात्रीच करून पाहतो. बायको माहेरी आहे.

जुनी_तबकडी

थोडं मागून सांगतो, कारण ठेका कळायला ती खोली कळली पाहिजे.

मेम्फिस, टेनेसी. ७०६, युनियन ॲव्हेन्यू. सॅम फिलिप्स नावाच्या माणसाने १९५० मध्ये तिथे लहानसा स्टुडिओ काढला आणि १९५२ मध्ये सन रेकॉर्ड्स ही कंपनी. सुरुवातीला त्याच्याकडे गात होते ते बहुतेक काळे कलावंत: बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ, ज्युनियर पार्कर. एल्विस आला तेव्हा विजेच्या सामानाच्या एका कंपनीत ट्रक चालवत होता, वय १९. ५ जुलै १९५४ च्या संध्याकाळी तिघं हळुवार गाणी घोळवत बसले होते. एकही जमेना. मधल्या विश्रांतीत एल्विस उगाच उड्या मारत आर्थर क्रुडपचं जुनं ब्लूज गाणं म्हणायला लागला, बाकीचे दोघं मस्करीत सामील झाले, आणि फिलिप्सने आतून विचारलं की हे काय चाललंय, पुन्हा पहिल्यापासून करा. तेच 'दॅट्स ऑल राइट'.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे. मूळ गाणं बिल मन्रोचं, ब्लूग्रासवाल्या डोंगरी लोकांचं, तीन मात्रांचं संथ वॉल्ट्झ. या तिघांनी ते चार मात्रांत आणून पळवलं. एका बाजूला काळ्यांचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्या खेडुतांचं कंट्री, दोन्ही एकाच चालीने धावणारी. रॉक आणि हिलबिली जोडून रॉकबिली. हिलबिली हा तिकडे तसा हिणवण्याचाच शब्द, आपल्याकडे 'गावंढळ' म्हणावं तसा.

केरवा_कहार

थांबा थांबा. म्हणजे दादऱ्यातलं गाणं उचलून केरव्यात टाकलं? मूळ आणि नंतरचं दोन्ही पाठोपाठ ऐकली आत्ता. अंगावर काटा आला. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर काखोनचे पैसे वाचले असते.

जुनी_तबकडी

आणि गंमत म्हणजे मन्रोने नंतर स्वतः ते गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं ते निम्मं दादऱ्यात, निम्मं केरव्यात!

अटलांटाकर

मागच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आलो, आजही स्टुडिओ दाखवतात. खोली इतकी लहान की आपल्या वाड्यातली ओसरी आठवली. छताला खाचा-उंचवटे दिलेल्या फरश्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून.

तुमच्या विहिरीबद्दल: फिलिप्सकडे टेप मशीनं दोन होती. पहिल्यावर मुद्रण चालू असताना तोच आवाज दुसऱ्यावर पाठवायचा. मशीनचं लिहिणारं आणि वाचणारं टोक यांत थोडं अंतर असतं, त्यामुळे दुसऱ्याकडून आवाज किंचित उशिरा परत येतो. तो मूळ आवाजात मिसळला की झालं. याला स्लॅपबॅक म्हणतात. ही युक्ती बाहेरच्यांना लवकर उमगली नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए कंपनीने एल्विसचा करार सनकडून ३५,००० डॉलरला घेतला, आणि जानेवारीत नॅशव्हिलला 'हार्टब्रेक होटेल' करताना त्यांनी घुमारा आणायला चक्क बोळाचा उपयोग केला. ऐका, त्यात आवाज बोळातलाच वाटतो, सनसारखा टणक नाही.

तुमच्याकडे मिक्सरवर डिले असेल तर १०० ते १४० मिलिसेकंद ठेवा, परतावा एकदाच. दोनदा परत आला की गाणं अंतराळात जातं.

गौळण

मॅडमसाठी माझ्याकडे उत्तर आहे: वांडा जॅक्सन. ओक्लाहोमाची, जन्म १९३७. कंट्री गायची. १९५५ मध्ये एल्विसबरोबर दौऱ्यावर होती, त्यानेच तिला हे नवं गा म्हणून मागे लागून सांगितलं. तिचा आवाज ऐकाल तर कळेल, मांजर फिसकारावी तसा मधूनच खरखरतो. 'फुजियामा मामा' हे तिचं १९५७ चं गाणं अमेरिकेत चाललं नाही आणि जपानात डोक्यावर घेतलं गेलं, शब्दांत हिरोशिमा-नागासाकी असूनसुद्धा! संमेलनात ते नको, कोणीतरी रुसेल. 'लेट्स हॅव अ पार्टी' घ्या, ते १९६० मध्ये गाजलं.

जॅनिस मार्टिनही ऐका. पंधरा-सोळा वर्षांची असताना आरसीएने तिला 'बाई एल्विस' म्हणून विकायला काढलं होतं. ती गुपचूप लग्न करून गरोदर राहिली आणि कंपनीचा उत्साह मावळला. तिच्या गळ्यात कसला दोष नव्हता.

जुनी_तबकडी

पुरुषांत कार्ल पर्किन्स चुकवू नका. एल्विसपेक्षा तो अस्सल, असं माझं प्रामाणिक मत. कापूस वेचणाऱ्या वाटेकरी कुटुंबातला, भावांना घेऊन गाणारा. 'ब्लू स्वेड शूज' त्याचंच, स्वतः लिहिलेलं, डिसेंबर १९५५ मध्ये सनमध्येच मुद्रित झालेलं. सनची दहा लाख प्रती खपलेली पहिली तबकडी. कंट्री, काळ्यांचं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) आणि पॉप, तिन्ही याद्यांत वर चढली. आणि ऐन भरात, २२ मार्च १९५६ ला, टीव्हीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना गाडीला अपघात. तो अंथरुणावर असताना एप्रिलमध्ये एल्विस टीव्हीवर तेच गाणं म्हणत होता. नशीब म्हणतात ते हे.

पियानोवर जेरी ली लुइस, १९५७. बाकड्याला लाथ मारून उभा राहून वाजवायचा. मे १९५८ मध्ये इंग्लंडला गेला तिथे पत्रकारांना कळलं की त्याची बायको १३ वर्षांची, नात्यातल्या भावाची मुलगी. दौरा तीन कार्यक्रमांत गुंडाळला. याची बाजू घेणारे भेटतात, मी त्यातला नाही.

सनबाहेरचे: जीन व्हिन्सेंट, टेक्सासचा बडी हॉली, आणि मेम्फिसचाच जॉनी बर्नेटचा त्रिकूट. या त्रिकुटाच्या १९५६ च्या गिटारचा फाटका आवाज ऐकून तुमचा अकाउंट्सवाला पोरगा नोकरी सोडेल.

विरजण

आमच्या चोरीच्या प्रश्नाला सगळे बगल देतायत, म्हणून मीच लिहितो. तो ऑफिसातला माणूस निम्मा बरोबर आहे. क्रुडपला त्या गाण्याचा मेहनताना जवळपास मिळालाच नाही, म्हातारपणीही तो मजुरी करत राहिला. 'मिस्ट्री ट्रेन' आधी १९५३ मध्ये ज्युनियर पार्करने याच सनसाठी गायलं, नाव झालं ते एल्विसचं. पण पर्किन्सला गिटार शिकवली ती शेतातल्या एका काळ्या वृद्ध मजुराने, शेजारी बसून. शिकणं आणि लुबाडणं एकाच शेतात घडत होतं. पैसे कोणाच्या खिशात गेले, हे मात्र मोजता येतं.

केरवा_कहार

@विरजण, हे तसंच्या तसं वाचून दाखवतो त्याला. रागावू नका, नाव तुमचंच सांगेन.

चहाटळ

अवांतर: आपल्याकडचं रॉकबिली म्हणजे 'ईना मीना डीका' का?

जुनी_तबकडी

नाही. १९५७ चं आहे, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं आहे, गोवेकर वादकांची आणि कोकणीची फोडणी आहे, पण मागे अख्खा ब्रासचा ताफा आहे. रॉकबिलीत माणसं मोजून तीन. एक वाढला की चव बदलते.

केरवा_कहार

अहवाल देतो. डबल बास कुठून आणणार, म्हणून डबलबास यांना वैयक्तिक निरोपातून विचारलं. ते म्हणाले, वाद्य लोकलच्या डब्यात मावतं, पण मग माणसं मावत नाहीत. तर बास मोबाईलवर आधीच मुद्रित करून घेतला.

तबल्याची किनार जमली, पण तिला सूर आहे, आणि तो मॅडमच्या पट्टीत नाही. मधेच टणकन वाजतं.

डोंबिवलीचा_डबलबास

जॉनी कॅशची युक्ती करा. सनचाच गडी, त्याच्याकडेही ड्रम नव्हते. गिटारच्या तारांत कागदाची घडी सरकवायचा आणि खरडून वाजवायचा, की स्नेअरसारखी खसखस येते. 'आय वॉक द लाइन' ऐका, १९५६. दुसरी एक साधी गिटार घ्या, तारांना डाव्या हाताने मुकं करा, उजव्या हाताने खसखस फक्त २ आणि ४ ला.

केरवा_कहार

जमलं!! दहाची नोट घातली. मॅडम 'लेट्स हॅव अ पार्टी' म्हणतायत आणि शिपाईमामा दारात उभे राहून पाय आपटत होते, तेही २ आणि ४ ला.

एकच शेवटचं. 'दॅट्स ऑल राइट'मध्ये मधे गिटारचा एकट्याचा तुकडा आहे. तो संपताना हात शिवशिवतात. तिथे एखादी छोटी तिहाई (एकच बोल तीनदा) टाकून समेवर आलं तर चालेल का?

डोंबिवलीचा_डबलबास

नाही.

जुनी_तबकडी

नाही.

गौळण

अहो, नोट खसखसा आणि गप्प बसा. स्कॉटी मूर वाजवतोय.