शब्दचर्चा : 'वीञु वेर्द तिंतु' हिरवी की लाल?

प्रश्न : पोर्तुगालहून आलेल्या एका लाल वाइनच्या बाटलीवर 'वीञु वेर्द तिंतु' असं लिहिलं होतं. शब्दकोशात 'वेर्द' म्हणजे हिरवा. मग या 'हिरव्या लाल' वाइनला मराठीत काय म्हणावं? आणि ती कशाबरोबर घेतात?

उत्तर : 'वीञु' म्हणजे वाइन. हा उच्चार आपल्या ञ ने नेमका लिहिता येतो, म्हणून 'विन्हो' लिहू नये असं मला वाटतं. 'तिंतु'चा मूळ अर्थ रंगवलेला. शाईला पोर्तुगीजमध्ये 'तिंता' म्हणतात, तेही याच कुळातलं. लाल रंगासाठी वेगळा शब्द आहे, पण लाल वाइन म्हटली की 'तिंतु'च.

खरी गोम 'वेर्द'मध्ये आहे. ही वाइन पोर्तुगालच्या वायव्येकडल्या मिन्यु भागातली; तिच्या प्रदेशाची हद्द 1908 साली कायद्याने ठरली. तिथल्या पावसाळी हिरवाईवरून नाव पडलं, असं काही जण सांगतात. दुसरं मत असं की न मुरवता, ताजी असतानाच प्यायची म्हणून ती हिरवी. मला दुसरं पटतं, कारण बाकीच्या वाइनला तिथले लोक 'मादुरु', म्हणजे पिकलेली, म्हणतात. आपणही झाडावरचं फळ 'अजून हिरवं आहे' म्हणतो तेव्हा रंगापेक्षा ते पिकलं नाही हेच सांगायचं असतं. तरी 'हिरवट वाइन' करू नये. हिरवट म्हटलं की मराठी माणसाला म्हाताराच आठवतो. 'कोवळी लाल वाइन' चालेल.

कोवळेपणाचं मूळ शेतातही आहे. मक्याला जमीन मोकळी राहावी म्हणून तिथे द्राक्षवेली बांधावरच्या झाडांवर चढवत. या पद्धतीला 'एन्फुर्कादु', म्हणजे फासावर लटकवलेली, असं नाव आहे. उंचावरची द्राक्षं पुरती पिकत नसत, आंबटपणा टिकून राही. लाल प्रकारासाठी मुख्यतः 'वीञांव' जातीचं द्राक्ष वापरतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो, रंग सालीतून येतो. याचा गरच लाल. जुन्या रीतीप्रमाणे ही वाइन पेल्याऐवजी 'माल्गा' नावाच्या पांढऱ्या वाडग्यातून पितात. वर जांभळा फेस येतो, वाडगा हलवला की कडेला रंग चिकटून राहतो. 'तिंतु' शब्द इतका शोभणारी दुसरी वाइन मला माहीत नाही.

आता जेवण. नुसती प्यायली तर ही वाइन आंबट आणि तुरट लागते, पहिल्या घोटाला पुष्कळांना आवडत नाही. तिला तेलकट, चरबीचं खाणं हवं. मटणाच्या जेवणात सोलकढी जे करते, ते काम तिथे ही करते. डुकराच्या चरबीत परतलेले मांसाचे तुकडे, म्हणजे 'रुजोंइश', निखाऱ्यावर भाजलेले तारले, आणि हिवाळ्याअखेरीस नदीत येणारा लॅम्प्रे. हा वामसारखा लांबट, बिनजबड्याचा जीव त्याच्याच रक्तात आणि लाल वाइनमध्ये भाताबरोबर शिजवतात. ओव्हनमध्ये भाजलेलं तेलदार बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड, असेल तरी ती जमते. नाजूक, वाफवलेल्या मासळीबरोबर मात्र घेऊ नये. आणि थोडी गार करूनच.

पुन्हा प्रश्न : विंदालूतला 'विं' हाच का?

उत्तर : हो. मूळ 'वीञ द आल्युश' : वाइन आणि लसूण यांत मांस मुरवून ठेवायची रीत. रुजोंइशचं मांसही असंच मुरवतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या ताडीच्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची-मसाला आला. 'आल्युश' म्हणजे लसूण. त्याचा 'आलू'शी संबंध नाही, त्यामुळे विंदालूत बटाटा हवाच असं मुळीच नाही.